घर थंड आणि बॉयलर मात्र तापलेला: सेंट्रल हीटिंग पुन्हा पुन्हा का बंद पडते?

कडाक्याची थंडी असते, खोल्यांना ऊब देणारे रेडिएटर गार पडलेले असतात आणि त्यांना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरच्या पडद्यावर मात्र तो प्रमाणाबाहेर तापल्याची सूचना झळकत असते. घरात ऊब नाही, मग यंत्र तापले कशाने, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. रीसेटचे बटण दाबले की बर्नर पुन्हा पेटतो, काही वेळ सारे ठीक वाटते आणि मग तीच सूचना परत येते. ही यंत्रणा लहानपणापासून पाहिलेली नसेल तर तिच्या आत काय चालते याचा अंदाज येत नाही, आणि बटण दाबत राहणे एवढाच उपाय हाताशी उरतो.

खरे तर बिघाडाचा पत्ता त्या विसंगतीतच सापडतो. बॉयलर वारंवार अति तापतो तेव्हा बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करत नसतो. तयार झालेली उष्णता त्याच्यापासून वाहून नेली जात नसते. त्यामुळे शोध घ्यायचा तो उष्णतेची वाट नेमकी कुठे अडली आहे याचा, आणि त्या शोधाचा बराचसा भाग बॉयलरच्या बाहेर, घरभर पसरलेल्या नळ्यांमध्ये असतो.

उष्णता घरभर पोहोचते कशी

बॉयलरमध्ये गॅस किंवा तेल जाळणारा बर्नर असतो. त्याच्या ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा जो धातूचा भाग असतो, त्याला हीट एक्सचेंजर म्हणतात. तिथे तापलेले पाणी पंपाच्या जोरावर एका नळीतून घरातल्या रेडिएटरांकडे जाते, खोल्यांना ऊब देऊन निवते आणि दुसऱ्या नळीतून बॉयलरकडे परत येते. या दोन नळ्यांना आपण जाणारी नळी आणि परतीची नळी म्हणू. लक्षात ठेवायचे ते हे की या फेऱ्यात वर्षानुवर्षे तेच पाणी फिरत असते. नळाला येणारे पाणी वेगळे आणि हे वेगळे.

बांधकामावर एक जण फावड्याने घमेली भरतो आणि बाकीचे रांगेने ती वर पोहोचवतात. भरणाऱ्याचा हात त्याच वेगाने चालू राहिला आणि रांग अडली, तर खडीचा ढीग भरणाऱ्याच्या पायाशी साचतो आणि वरच्या मजल्यावर काहीच पोहोचत नाही. बॉयलरमध्ये बर्नर हा भरणारा आणि फिरणारे पाणी ही रांग आहे. रेडिएटर गार आणि बॉयलर तापलेला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का घडतात ते यावरून कळते.

थोडे गणित

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. २० किलोवॅटचा बॉयलर पूर्ण क्षमतेने पेटतो तेव्हा पाण्याला दर सेकंदाला २० किलोज्यूल ऊर्जा देतो. जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्यात २० अंशांचा फरक राहावा अशी योजना असेल, तर मिनिटाला सुमारे १४ लिटर पाणी फिरावे लागते. हा प्रवाह निम्म्यावर आला आणि बर्नर तेवढाच पेटता राहिला, तर फरक ४० अंशांचा होतो. म्हणजे परतीचे पाणी ५५ अंशांवर असेल तर जाणारे पाणी ९५ अंशांवर पोहोचते.

प्रवाह पूर्ण थांबला तर काय होईल? समजा, हीट एक्सचेंजरमध्ये दोन लिटर पाणी आहे. ते जागीच उभे राहिले तर त्याचे तापमान सेकंदाला सुमारे २.४ अंशांनी चढेल आणि ६० अंशांवरून ९५ अंशांवर जायला पंधरा सेकंदही पुरतील. रीसेट केल्यावर बॉयलर काही क्षणांतच पुन्हा बंद का पडतो, आणि तेवढ्या वेळात रेडिएटरपर्यंत ऊब का पोहोचत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आधुनिक बॉयलर पाणी तापू लागल्याचे ओळखून ज्योत आपोआप लहान करतात, त्यामुळे प्रवाह थोडा कमी झाला तरी ते निभावून नेतात. मात्र प्रत्येक बर्नरला एक किमान मर्यादा असते आणि तिच्याखाली ज्योत लहान करता येत नाही. त्यामुळे नव्या बॉयलरमध्ये हा दोष बराच काळ लपून राहतो आणि तो उघड होईपर्यंत वाट चांगलीच अरुंद झालेली असते.

बॉयलर स्वतःला बंद का करतो

घरगुती बॉयलरमध्ये तापमानावर लक्ष ठेवणारी यंत्रणा एकावर एक अशा थरांची असते. पहिला थर रोजच्या कामाचा. आपण ६५ किंवा ७० अंश असे काही तापमान ठरवून देतो आणि सेन्सरच्या सांगण्यावरून बर्नर त्याभोवती कमीजास्त होतो. हा थर अपुरा पडला तर दुसरा पुढे येतो. मॉडेलनुसार साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान ठरवलेली एक कमाल मर्यादा ओलांडली गेली, की तो इंधनच तोडतो आणि माणसाने हाताने रीसेट केल्याशिवाय पुन्हा चालू होऊ देत नाही. पडद्यावर दिसते ती सूचना बहुधा याच थराची असते. तिसरा थर दाबाचा आहे. बंद फेऱ्याच्या घरगुती यंत्रणेत दाब साधारण ३ बारवर (बार हे दाबाचे एकक आहे) गेला की सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो.

एवढी खबरदारी घेण्याचे कारण वाफ आहे. हवेच्या नेहमीच्या दाबाहून १ बार जास्त दाब असताना पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे १०० अंशांच्या पुढे गेलेले पाणीही नळीत द्रवरूपातच राहते. तोच दाब अचानक उतरला तर त्यातल्या काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि मोकळ्या हवेत एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. म्हणून कमाल मर्यादेवर बंद पडणारा बॉयलर आपले काम चोख करत असतो, आणि त्या सूचनेचा राग न धरता तिचा अर्थ लावावा, असे मला मनापासून वाटते.

जुन्या घरांमध्ये कधीकधी बंद फेऱ्याऐवजी माळ्यावर छोटी टाकी आणि तिच्यावर वाकलेली उघड्या तोंडाची नळी असते. त्या नळीतून टाकीत कढत पाणी किंवा वाफ पडत असेल तर बॉयलर लगेच बंद करावा. तापलेल्या पाण्याने प्लास्टिकची टाकी मऊ पडून खचू शकते आणि खाली झोपलेल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते. लाकूड किंवा कोळसा जाळणाऱ्या बॉयलरची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्यातली आग बटण दाबून विझत नाही. तिथे जास्तीची उष्णता सोडण्यासाठी पंपाशिवाय चालणारी वेगळी वाट ठेवावी लागते. या लेखातले पुढचे विवेचन गॅस किंवा तेलावरच्या बॉयलरपुरते आहे.

दोन नळ्या काय सांगतात

निदानाची सर्वांत उपयोगी जागा बॉयलरच्या खाली आहे. तिथे जाणारी आणि परतीची नळी शेजारी शेजारी उतरलेल्या दिसतात. नळीला चिमट्यासारखे अडकवता येणारे दोन तापमापक त्यांच्यावर लावावेत. तळहाताने नळी धरून पाहू नये, कारण ६० अंशांच्या पुढे गेलेला तांबे काही क्षणांत कातडी भाजतो. बॉयलर पेटवून दहाएक मिनिटे दोन्ही आकड्यांवर नजर ठेवली, की अंदाज जाऊन माहिती हाती येते.

जाणारी नळी ८० अंशांवर आणि परतीची ३५ अंशांवर असेल, तर पाणी फिरते आहे, पण फार संथ. अशा वेळी पंप, हवा, गाळ किंवा अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह यांचा संशय घ्यावा. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच तापल्या असतील तर पाणी जोरात फिरते आहे, मात्र उष्णता खोल्यांमध्ये न सोडता तसेच परत येते आहे. रेडिएटर बंद असतील किंवा पाण्याला मधल्यामध्ये जवळची वाट सापडली असेल, तर असे होते. बॉयलरला लागून असलेली वीतभर नळी कढत आणि पुढे हातभर अंतरावर ती कोमट असेल, तर प्रवाह पूर्ण थांबला आहे आणि उष्णता केवळ धातूतून पसरते आहे.

बिघाड केव्हा होतो, हेही तितकेच बोलके असते. नुकतेच नळकाम झाले असेल तर त्या कामाकडे पहिल्यांदा पाहावे. काम करताना बंद केलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा राहिला, पंप उलट्या दिशेने बसवला गेला किंवा नव्या बॉयलरला दोन नळ्या उलटसुलट जोडल्या गेल्या, अशा चुका होतात आणि त्या सापडल्या तर सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

पंप, हवा आणि बंद व्हॉल्व्ह

उन्हाळाभर बंद राहिलेला पंप पहिल्या थंडीत अडकून बसणे हा नेहमीचा प्रकार आहे. मोटरला वीज मिळते, तिचे अंग तापते, हलकी घरघर ऐकू येते, पण आतले पाते फिरत नाही. कधी पाते झिजलेले किंवा गाळाने भरलेले असते. ते फिरते पण पाणी ढकलत नाही. त्यामुळे पंपाचा आवाज येतो म्हणजे पाणी फिरते, असे समजू नये. पंप चालू असताना दोन नळ्यांच्या तापमानांतला फरक अवास्तव मोठा असेल, तर आवाजापेक्षा त्या फरकावर विश्वास ठेवावा.

हवा अडकली असेल तर रेडिएटर वरच्या बाजूने गार आणि खालून गरम लागतो. ती काढणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे. यंत्रणा बंद करून पाणी निवू द्यावे, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा व्हॉल्व्ह चावीने अर्धा फेरा उघडावा, फुसफुस थांबून पाण्याची सलग धार येऊ लागली की बंद करावा आणि शेवटी बॉयलरवरचा दाब पाहावा, कारण हवा गेली की दाब उतरतो. यंत्रणा गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. हवा काढताना जवळपास ज्योत असू नये. पुष्कळदा बाहेर पडणारा वायू हवा नसून आतल्या गंजण्यातून तयार झालेला हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो.

व्हॉल्व्हचा दोष कसा ओळखावा? आजकाल बहुतेक रेडिएटरांवर खोलीच्या तापमानानुसार आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह असतात. दिवस फारसा थंड नसेल तर एकेक खोली पुरेशी उबदार होते, एकेक व्हॉल्व्ह मिटत जातो आणि अखेर पाण्याला जायला वाटच उरत नाही. यासाठी एखादा रेडिएटर अशा व्हॉल्व्हशिवाय ठेवतात किंवा दाब वाढला की उघडणारी बगलवाट बसवतात. बॉयलर कडक थंडीत नीट चालत असेल आणि सौम्य दिवसांतच बंद पडत असेल, तर या वाटेची तपासणी आधी करावी. घराच्या वेगवेगळ्या भागांसाठी विजेवर चालणारे व्हॉल्व्ह असतील तर आणखी एक फसवा प्रकार घडतो. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंदच राहतो, पण त्याच्यातला छोटा स्विच तो उघडल्याचा संदेश देतो आणि बॉयलर त्या भरवशावर पेटतो.

गाळ येतो कुठून

माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. नव्या यंत्रणेत भरलेल्या पाण्यात थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो. तो पोलादी रेडिएटर गंजवून संपून जातो, आणि बाहेरून नवे पाणी आले नाही तर गंजण्याचा वेग खूपच मंदावतो. म्हणूनच वर्षानुवर्षे तेच पाणी फिरत राहणे यंत्रणेच्या हिताचे असते. त्यात गंजरोधक द्रव घातला तर धातूला आणखी संरक्षण मिळते.

आता हा समतोल कसा बिघडतो ते पाहू. पाणी १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढते. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर सुमारे तीन लिटरांची जादा जागा लागते. ती देण्यासाठी प्रसरण टाकी बसवलेली असते. तिच्यात रबराचा पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. ही हवा काही वर्षांत निघून गेली किंवा पडदा फाटला, तर वाढलेल्या पाण्याला जागा मिळत नाही. मग बॉयलर तापला की दाब भराभर चढतो, ३ बारच्या आसपास सुरक्षा व्हॉल्व्ह थोडे पाणी बाहेर सोडतो आणि यंत्रणा निवली की दाबाचा काटा शून्याकडे घसरतो. घरातली व्यक्ती दाब कमी झालेला पाहून नळाचे पाणी भरते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच होते.

प्रत्येक वेळी भरलेल्या त्या थोड्याशा पाण्याबरोबर दोन गोष्टी आत येतात. एक म्हणजे ताजा ऑक्सिजन, जो पुन्हा लोखंड गंजवतो आणि मॅग्नेटाइट नावाचा काळा, बारीक, जड गाळ तयार होतो. दुसरी म्हणजे कठीण पाण्यातला चुना, जो सर्वांत तापलेल्या जागी, अर्थात हीट एक्सचेंजरच्या आतल्या पृष्ठभागावर थर धरतो. भरीला घातलेला गंजरोधक द्रवही दर खेपेला पातळ होत जातो. गाळ रेडिएटरच्या तळाशी साचतो, म्हणून अशा वेळी रेडिएटर खालून गार आणि वरून गरम लागतो, हवेच्या लक्षणाच्या बरोबर उलट. तोच गाळ पंपात आणि हीट एक्सचेंजरच्या अरुंद वाटांमध्ये अडकतो आणि प्रवाह कमी करतो. म्हणजे आज पडद्यावर दिसणाऱ्या अतितापाचे मूळ दोन वर्षांपूर्वी हवा गमावलेल्या प्रसरण टाकीत असू शकते, आणि ती टाकी दुरुस्त न करता केवळ गाळ काढला तर तो पुन्हा साचेल.

याची खूण घरी पाहता येते. गार पडलेल्या रेडिएटरमधून कपभर पाणी पांढऱ्या भांड्यात काढावे. ते शाईसारखे काळे निघाले आणि थोड्या वेळाने तळाशी बसलेली काळी भुकटी भांड्याखाली लोहचुंबक फिरवताच त्याच्यामागे सरकू लागली, तर मॅग्नेटाइटबद्दल शंका उरत नाही. तंत्रज्ञ परतीच्या नळीवर जो चुंबकीय फिल्टर बसवतात, तो हीच भुकटी बॉयलरमध्ये शिरण्याआधी पकडतो.

चुन्याच्या थराची खूण कानाला कळते. हा थर धातूच्या तुलनेत उष्णता फारच हळू वाहू देतो, त्यामुळे त्याच्याखालचा धातू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा बराच तापतो. थराच्या फटींमध्ये पाण्याचे बारीक बुडबुडे उकळतात, थंड पाण्यात येताच फुटतात आणि बॉयलरमधून खदखद किंवा गडगड ऐकू येते. नळ्यांवरचे तापमापक ठीकठाक आकडे दाखवत असतानाही असा आवाज येत असेल, तर आतल्या आत एखादी जागा अति तापते आहे असे समजावे.

गरम पाण्याचा नळ उघडल्यावरच बंद पडत असेल तर

काही बॉयलर खोल्या तापवण्याबरोबर नळाला गरम पाणीही देतात. नळ उघडला की एक वळवणारा व्हॉल्व्ह फेऱ्यातले पाणी रेडिएटरांकडे न पाठवता एका दुसऱ्या, छोट्या हीट एक्सचेंजरमधून फिरवतो आणि तिथे नळाचे पाणी तापते. या छोट्या भागात सतत नवे पाणी येत असल्याने चुना लवकर धरतो. मग नळाला कोमट पाणी येते आणि न उतरलेली उष्णता फेऱ्यात साचून बॉयलर बंद पडतो.

त्यामुळे एक साधे निरीक्षण बराच वेळ वाचवते. रेडिएटर चालू असताना बॉयलर निर्वेध चालतो आणि केवळ नळ उघडल्यावर अति तापतो, असे असेल तर दोष या छोट्या भागात किंवा वळवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये शोधावा. नळ उघडल्यावर सारे ठीक आणि रेडिएटर लावल्यावरच बिघाड, असे असेल तर घरातल्या नळ्यांकडे वळावे. दोन्ही वेळा बिघाड होत असेल तर पंप, मुख्य हीट एक्सचेंजर आणि सेन्सर या सामाईक भागांवर लक्ष द्यावे. तंत्रज्ञाला फोन करताना ही एवढी माहिती दिली तरी त्याचे अर्धे काम झालेले असते.

बर्नर विझल्यावर तापमान वाढते ते कसे

ज्योत विझली तरी हीट एक्सचेंजरचा धातू तापलेलाच असतो आणि आतल्या पाण्याला उष्णता देत राहतो. जुन्या ओतीव लोखंडी बॉयलरमध्ये ही शिल्लक उष्णता विशेष मोठी असते. म्हणून बर्नर बंद झाल्यानंतरही पंप काही मिनिटे चालू ठेवण्याची सोय केलेली असते. एखाद्याने बॉयलरची संपूर्ण वीज तोडणारे टायमर लावले, किंवा रोज रात्री भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करायची सवय ठेवली, तर ज्योतीबरोबर पंपही थांबतो, उभ्या पाण्याचे तापमान मर्यादेपलीकडे जाते आणि सकाळी बॉयलर बंद पडलेला सापडतो. बॉयलर नेमका बंद केल्यानंतरच रीसेट मागत अडून बसत असेल तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी वीजजोडणी पाहावी. हीटिंग बंद करायचे ते खोलीचे तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटवरून किंवा बॉयलरच्या स्वतःच्या घड्याळावरून, मुख्य वीज चालू ठेवून.

सेन्सरच चुकत असेल तर?

ही शंका रास्त आहे, कारण बॉयलरला तापमान कळते ते सेन्सरकडूनच. बहुतेक बॉयलरमधला सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. तो जुना झाला, त्याची तार सैल झाली किंवा तो नळीला नीट चिकटलेला नसला, की आकडा चुकतो. तपासणी सोपी आहे. बॉयलर रात्रभर बंद ठेवून सकाळी पेटवण्याआधी पडद्यावरचे तापमान पाहावे. ते खोलीच्या तापमानाच्या जवळपास असायला हवे. गार बॉयलर ६० अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार सदोष आहे. मात्र पडद्यावरचा आकडा आणि नळीवरचा तापमापक एकमेकांशी जुळत असतील, तर सेन्सर बदलल्याने काही साधणार नाही. हा भाग स्वस्त आणि बदलायला सोपा असल्याने पुष्कळदा तोच आधी बदलला जातो, आणि खरा दोष तसाच राहतो.

तापमान कमी करून ठेवले तर?

ठरवलेले तापमान ७५ वरून ६० अंशांवर आणल्याने मर्यादेपर्यंतचे अंतर वाढते, त्यामुळे प्रवाह जेमतेम पुरत असेल तर बॉयलर तग धरू शकतो. धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत मिळवणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरला तर हे एरवीही मानवते, कारण त्यासाठी परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावे लागते. तरीही हा उपाय तात्पुरताच मानावा. प्रवाह बंद असेल तर ठरवलेला आकडा कितीही असो, वर पाहिलेले पंधरा सेकंदांचे गणित बदलत नाही.

मग बॉयलरच बदलावा का? यंत्र खरोखर जीर्ण झाले असेल तर जरूर. पण जुन्या नळ्यांमधला गाळ तसाच ठेवून नवा बॉयलर जोडला, तर तो जुन्यापेक्षाही लवकर अडतो, कारण आजच्या हीट एक्सचेंजरमधल्या वाटा जुन्या बॉयलरपेक्षा अरुंद असतात. आधी संपूर्ण यंत्रणा धुऊन काढणे, मग बॉयलर बसवणे आणि शेवटी गंजरोधक घालणे, हा क्रम मोडू नये. गरजेपेक्षा मोठा बॉयलर घेणेही टाळावे. त्याची किमान ज्योतसुद्धा रेडिएटरांना पेलवत नाही आणि तो सतत पेटत-विझत राहतो.

रीसेट करत राहिले तर काय बिघडते?

एकदा रीसेट करून पाहण्यात गैर नाही. वीज जाऊन आल्यामुळे किंवा थोड्याशा हवेमुळे बॉयलर थांबला असेल तर तो पुढे नीट चालेल. दुसऱ्यांदा तीच सूचना आली की थांबावे. दर रीसेटला हीट एक्सचेंजर झटक्यात तापतो आणि निवतो, आणि या ताणाने त्याच्या धातूला व सांध्यांना तडे जाऊ शकतात. शिवाय प्रत्येक वेळी आपण बचावाच्या दुसऱ्या थराची परीक्षा घेत असतो. तो थर वगळून तारा थेट जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. दाब शून्यावर गेलेला आणि तापलेला बॉयलर समोर असेल तर त्यात लगेच थंड पाणीही भरू नये. आतल्या कढत धातूवर पाणी पडून वाफ होते आणि धातू तडकू शकतो. आधी बॉयलर पूर्ण निवू द्यावा, मग भरावे.

घरच्या माणसाने दाब पाहणे, व्हॉल्व्ह उघडे आहेत का ते तपासणे, हवा काढणे, नळ्यांचे तापमान मोजणे आणि पाण्याचा रंग पाहणे एवढे करावे. बॉयलरचे झाकण मात्र उघडू नये. अनेक बॉयलरमध्ये ते झाकण ज्वलनाच्या कप्प्याला हवाबंद ठेवते आणि ते नीट बसले नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे साध्या आजारासारखी भासतात. बॉयलर असलेल्या घरात या वायूची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे. गॅसचा वास येत असेल, निळी असायला हवी ती ज्योत पिवळी दिसत असेल किंवा बॉयलरभोवती काजळी धरली असेल, तर विषय अतितापाचा राहत नाही. अशा वेळी गॅस बंद करून सगळ्यांनी घराबाहेर पडावे आणि तिथून गॅसच्या आपत्कालीन सेवेला कळवावे.

परवानाधारक तंत्रज्ञ आला की त्याला दोन्ही नळ्यांचे आकडे, बिघाडाची वेळ, दाब किती दिवसांनी उतरतो आणि शेवटचे पाणी कधी भरले, हे सांगावे. त्याने पंप बदलला, गाळ धुतला किंवा प्रसरण टाकीत हवा भरली, काहीही केले तरी तो निघण्यापूर्वी घरातले सगळे रेडिएटर उघडून बॉयलर अर्धा तास चालवून पाहावा. जाणाऱ्या आणि परतीच्या नळीतला फरक त्या बॉयलरच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याजवळ, बहुतेक वेळा २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी, स्थिर राहिला तर पाण्याची वाट मोकळी झाली आहे. तो फरक अजूनही ४० अंशांकडे सरकत असेल, तर सूचना दिसेनाशी झाली असली तरी काम अपुरे आहे, आणि तंत्रज्ञाला तसे तिथेच सांगावे.